ही ती नाही

चेनमावशीचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. गिऱ्हाईक दुकानात शिरलं, बॅग काउंटरवर आपटली आणि "चेन खराब झालीय, बदलून द्या" असं म्हणालं, की संपलंच. मावशी चष्म्याच्या वरून बघायची आणि विचारायची, "चेन खराब झालीय हे कुणी सांगितलं तुम्हाला? चेनचे डॉक्टर आहात का?" मग बॅग स्वतःकडे ओढायची, चेनचा रनर दोन बोटांत धरून मागं-पुढं करायची आणि पक्कड उचलायची. शंभरातल्या नव्वद बॅगांची चेन ठणठणीत असते हो, फक्त रनर सैल झालेला असतो. त्याच्या दोन्ही कडा पक्कडीनं जरा दाबल्या, मेणबत्तीचा तुकडा चेनच्या दातांवरून फिरवला, की चेन सरसर धावायला लागते. "झालं. न्या," म्हणून मावशी बॅग परत ढकलायची. गिऱ्हाईक आभार मानायला लागलं की म्हणायची, "पुरे. मागं लोक उभे आहेत."

दुकान म्हणजे बसथांब्यासमोर दोन माणसं आडवी मावतील एवढी खोली. एका भिंतीला पाठीवरच्या पिशव्या, दुसरीला जॅकेटं, मधे जाड कापड शिवायचं, मोटार लावलेलं जुनं मशीन, आणि बिस्किटांच्या सात डब्यांत आकाराप्रमाणे लावलेले रनर. कुठल्या डब्यात काय ते मावशीला न बघता कळायचं. तीस वर्षं ती तिथं बसत होती. सगळा रस्ता तिला ओळखायचा, तिच्या जिभेला घाबरायचा आणि चेन अडकली की मुकाट्यानं तिच्याकडेच यायचा. पण ह्या बाईनं एके काळी गाणं म्हटलं होतं, त्याची कॅसेट निघाली होती, हे त्या रस्त्यावर एकालाही माहीत नव्हतं. कारण मावशीनं ते कुणाला कळूच दिलं नव्हतं.

तेव्हा ती बावीस वर्षांची होती. थोरला भाऊ, म्हणजे दादा, एका शाळेत कारकून. जुन्या हजेरीपटांच्या कोऱ्या बाजूवर तो गाणी लिहायचा, चालही स्वतःच लावायचा, आणि संध्याकाळी घरी आला की बहिणीला समोर बसवून म्हणायचा, "बारके, हे म्हणून बघ. माझ्या गळ्यात बसत नाही." बारकीच्या गळ्यात ते बसायचं. नुसतं बसायचं नाही, तिथंच राहायला यायचं.

टायरच्या दुकानावर दोन खोल्यांत एक लहानशी कॅसेट कंपनी होती. खालचा ठोकाठोकीचा आवाज येऊ नये म्हणून रेकॉर्डिंग फक्त रविवारी, आणि भिंतींना गाद्या टांगलेल्या. सहा गाणी एका दिवसात उरकायची होती. शेवटचं गाणं 'निघताना'. दादाचं सगळ्यात आवडतं. घरातून बाहेर पडणाऱ्या एका साध्या माणसाचं गाणं होतं ते. त्याचा पाय काही निघत नाही. नळ बंद केला का, खिडकी लावली का, म्हणून तो परत परत मागं येतो:

कुलूप ओढून पाहतो पुन्हा,
कुणीतरी म्हणेल, थांब ना.

शेवटच्या कडव्याच्या आधी जरा शांतता होती आणि नेमका त्या शांततेत दादा खोकला. सबंध आठवडा त्याला सर्दी होती, बिचारा कसाबसा दाबून धरत होता. बारकी मात्र थांबली नाही, कडवं म्हणून मोकळी झाली. दादा कपाळाला हात लावून बसला. "पुन्हा घेऊ या?" त्यानं विचारलं. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "टेप संपली हो. आता जे झालं ते झालं." आणि ते तसंच राहिलं. कॅसेटलाही नाव तेच दिलं, 'निघताना'.

बरोबर एक महिन्यानं दुसरं 'निघताना' आलं. गाणं वेगळं, शब्द वेगळे, चाल वेगळी. नाव तेवढं तेच. कंपनी मोठी होती आणि गायिका तर इतकी मोठी की लोक तिचं नाव न घेता नुसतं 'मोठ्या बाई' म्हणायचे. भिंतीभिंतीवर पोस्टरं लागली. रिक्षात तेच, सलूनमध्ये तेच, लग्नाच्या मांडवात तेच. लोक दुकानात जाऊन म्हणायचे, "'निघताना' द्या." दुकानदार घाईत हात घालायचा आणि हाताला लागेल ते 'निघताना' द्यायचा. आणि मग दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक तणतणत परत. "ही कोण गातेय? आम्हाला खरी पाहिजे!"

कुणाकुणाशी भांडणार दुकानदार? त्यांनी सोपा उपाय काढला. दादा-बारकीच्या कॅसेटच्या डबीवर बॉलपेननं लिहून टाकलं: 'ही ती नाही'. एकानं लिहिलं, त्याचं बघून दुसऱ्यानं लिहिलं. पुढं कुणी ती विकतही घेईना. खोकी परत आली तेव्हा डबी उघडायच्या आधीच ती तीन शब्दांची पाटी डोळ्यांत खुपायची. कंपनीचा मालक भला माणूस, तो एवढंच म्हणाला, "नाव दुसरं ठेवायला हवं होतं."

"आम्ही आधी ठेवलं होतं," दादा म्हणाला.

खरंच होतं ते. पण खरं असून करायचं काय? दादानं त्या दिवसानंतर एक ओळ लिहिली नाही. कुणी गाण्याचा विषय काढला तर तो उठून पाणी प्यायला जायचा. बारकीचं लग्न झालं, मुलगा झाला, चेनचं दुकान निघालं आणि बारकीची चेनमावशी झाली. लग्नानंतर एकदा तिनं नवऱ्याला कॅसेट ऐकवली होती. तो वीज कंपनीत मीटर रीडर. शांतपणे ऐकून तो म्हणाला होता, "छान आहे." तेवढ्यावर विषय संपला. कॅसेट कपाटात गेली आणि मावशीचा गळा भाजीवाल्याशी भांडण्यापुरता उरला.

अशी छत्तीस वर्षं गेली. छत्तीस!

मग एके दिवशी दुपारी एक कॉलेजची मुलगी पाठीवरची पिशवी घेऊन आली. "मावशी, हे बघता का?" म्हणून स्टुलावर बसली आणि फोन काढून त्यावर गाणी लावली. कानात घालायचं ते घरी विसरली होती म्हणे. मावशी ओरडणारच होती की हे दुकान आहे, करमणुकीचं ठिकाण नाही. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कारण फोनमधून एक कोवळा आवाज कुलूप ओढून बघत होता.

आपलाच आवाज माणसाला लगेच ओळखू येत नाही. मावशीलाही वाटलं, काहीतरी भास होतोय. पण मग ती शांतता आली, आणि त्या शांततेत दादा खोकला. मावशीच्या हातातली पक्कड अशी काही आवळली गेली की रनरचे दोन तुकडे झाले. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"कुणाचं गं हे गाणं?" मावशीनं विचारलं.

"अय्या, माहीत नाही तुम्हाला? मोठ्या बाईंचं. 'निघताना'चं जुनं रूप आहे हे, एकदम दुर्मिळ! आवाज किती कोवळा आहे बघा ना."

 मावशीनं डबा उघडला, नवा रनर बसवला आणि मुलगी निघून गेल्यावर दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून स्टुलावर बसून राहिली. हसावं की रडावं हेच तिला कळेना.

घरी सून होती. सुनेला फोनमधलं सगळं कळायचं. तिनं दोन मिनिटांत शोधून काढलं. झालं होतं ते असं: त्या बारक्या कंपनीच्या जुन्या टेपा कुणीतरी विकत घेतल्या, त्याच्याकडून आणखी कुणी घेतल्या, आणि शेवटी एका मोठ्या कंपनीनं सगळ्याच जुन्या गाण्यांबरोबर त्या इंटरनेटवर चढवल्या. चढवणाऱ्यानं पाहिलं, की एक 'निघताना' आहे आणि हे दुसरंही 'निघताना' आहे, वर्षही तेच. म्हणजे एकाच बाईची असणार दोन्ही! दिलं टाकून मोठ्या बाईंच्या पानावर. खाली गायिका म्हणून मोठ्या बाईंचं नाव, आणि शब्द-चाल म्हणून त्यांच्या नेहमीच्या संगीतकाराचं.

"आई," सून डोळे मोठे करून म्हणाली, "चार लाख वेळा ऐकलंय लोकांनी."

"काय?"

"चार लाख अकरा हजार. आणि खाली काय काय लिहिलंय बघा! 'बाईंचं सगळ्यात सुंदर गाणं.' 'रोज ऑफिसला निघताना ऐकतो.' 'माझे वडील असंच कुलूप ओढून बघायचे.'"

मावशीनं पदर डोळ्यांना लावला आणि मग सुनेवरच खेकसली, "थांबलीस कशाला? वाच की पुढं!"

त्या रात्री जेवणं लांबली आणि पुढचे पंधरा दिवस त्या घरात आनंदाला नुसतं उधाण आलं. नवरा निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि वाचायला मीटर नव्हतं म्हणून तो सुकत चालला होता. आता त्याला मीटर मिळालं. रोज सकाळी चहाच्या आधी चष्मा लावायचा, सुनेचा फोन मागून घ्यायचा आणि जुन्या डायरीत तारीख टाकून आकडा लिहायचा. "आजचं रीडिंग," तो मोठ्यानं जाहीर करायचा, "कालच्यापेक्षा दोन हजार वर." मावशी म्हणायची, "पुरे तुमचं येड्यासारखं." आणि दुपारी दुकानातून फोन करून हळूच विचारायची, "आता किती?"

खोटं कशाला सांगायचं, तिला आवडत होतं. नाव कुणाचं का असेना, लोक तिचा आवाज ऐकत होते. दुकानात बसल्या बसल्या कधी कधी ती समोर बसथांब्यावर उभ्या असलेल्या लोकांकडे बघायची आणि मनाशी म्हणायची, ह्यातल्या कुणाच्या कानात मी असेन आत्ता.

मग सुनेनं एक दिवस त्या खोकल्याबद्दल लिहिलेलं वाचून दाखवलं. कुणा जाणकारानं चांगला परिच्छेदभर लिहिलं होतं, की हा खोकला मुद्दाम ठेवला आहे. निघणाऱ्या माणसाचा घसा दाटून येतो आणि तो खोकून लपवतो, हे दाखवायला. याला म्हणतात कलाकार!

"अगं, त्याला सर्दी झाली होती!" मावशी इतकी हसली की ठसका लागला. "आठवडाभर नाक गळत होतं मेल्याचं!" आणि हसता हसता मधेच थांबली. दादाला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. इतकं हसलो आपण, आणि ज्याचं गाणं, ज्याचा खोकला, त्याला पत्ताच नाही.

रविवारी ती सुनेचा फोन घेऊन तीन तासांच्या बसनं दादाकडे गेली. दादा आता सदुसष्टचा. गुडघे गेलेले, पण बाकी खणखणीत. वहिनीनं चहा टाकला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मावशीनं काही न सांगता फोन टेबलावर ठेवला आणि गाणं लावलं.

दादा उठून पाणी प्यायला गेला नाही. पहिल्या ओळीला त्याची मान वर झाली. दुसऱ्या कडव्याला त्याचे ओठ हलायला लागले, छत्तीस वर्षांनी एक शब्द चुकला नाही त्याचा. खोकला आला तेव्हा त्यानं जुन्या सवयीनं कपाळाला हात लावला आणि भाऊ-बहीण दोघंही पोरांसारखी खिदळली.

वहिनी दारात कपबश्या घेऊन उभी होती. "काय हो, एवढं हसायला काय झालं?"

"हे गाणं माझं आहे," दादा म्हणाला. त्याचा चेहरा नुसता उजळला होता. "शब्द माझे, चाल माझी. आणि गातेय ती ही."

वहिनीनं दोघांकडे पाहिलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि ह्या माणसानं तिला असलं काही कधी सांगितलं नव्हतं. ती खाली वाकली, फोनवर पाहिलं आणि हसली. ती मुळीच वाईट बाई नाही, हसली तीही प्रेमानंच. "काहीतरीच! इथं तर चक्क मोठ्या बाईंचं नाव आहे. शब्दही दुसऱ्याच कुणाचे. थट्टा करायला मीच सापडले का?"

मावशी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात दादाच म्हणाला, "हो गं. थट्टाच केली. बरोबर आहे तुझं." आणि त्यानं चहाचा कप उचलला. चेहऱ्यावरचा उजेड दिवा मालवावा तसा गेला.

बसथांब्यापर्यंत तो सोडायला आला, गुडघे दुखत असताना. मावशी म्हणाली, "वहिनीला खरं का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तिनं वाचलं ते डोळ्यांसमोर लिहिलेलं आहे. मी बोलतोय ते हवेत." मग तो समजूत घालायच्या सुरात म्हणाला, "राहू दे, बारके. गाण्याचं चांगलं चाललंय. मुलगी मोठ्या घरी पडली असं समजायचं. नाव त्यांचं लागलं तर लागलं, सुखात आहे ना?"

मावशी हो म्हणाली. बसमध्ये बसली आणि तिसऱ्या थांब्यापर्यंत तिचा संताप संताप झाला. दुकानदारांनी डबीवर लिहिलं तेव्हा दादा निदान म्हणाला तरी होता, आम्ही आधी ठेवलं होतं म्हणून. आज त्यानं तेही म्हटलं नाही. स्वतःच्या बायकोपुढं, स्वतःच्या घरात, स्वतःच्या गाण्यावरचा हात त्यानं मुकाट काढून घेतला. चार लाख लोकांनी ऐकून उपयोग काय मग? घरातल्या एका माणसाला पटत नसेल तर?

घरी येऊन तिनं जाहीर केलं, "नाव बदलून घ्यायचं. माझं आणि दादाचं लावायचं."

सून तयारच होती. नवऱ्याच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. "अगं, चालत्या मीटरला हात लावायचा नसतो! तिथून काढलं तर लोकांना सापडणार कसं? ते मोठ्या बाईंच्या नावावर येतात, तुझ्या नावावर कोण येणार?"

"कुणी नाही."

"मग?"

"मग कुणी नाही. पण जे असेल ते आमचं असेल."

नवरा डायरी घेऊन बाल्कनीत जाऊन बसला.

सुनेनं कंपनीचा नंबर मिळवला. तीन दिवस फोन ह्याच्याकडून त्याच्याकडे फिरला आणि चौथ्या दिवशी एक तरुण बाई बोलायला आली. आवाजावरून जांभई दाबत असावी. "काकू, गाण्याचं नाव 'निघताना' ना? ते बरोबरच आहे की."

"नाव बरोबर आहे. गाणं दुसरं आहे."

"पण नाव सेम आहे ना?"

मावशीनं दुकानातला आवाज लावला. "बाळ, तुझ्या ऑफिसात तुझ्या नावाची आणखी कोणी आहे का?"

"आहे ना, दोघी आहेत."

"मग तुझा पगार महिन्याच्या महिन्याला तिच्या खात्यात टाकला तर चालेल का तुला? नाव सेम आहे म्हणून?"

पलीकडे एकदम जाग आली. त्या बाईनं हसून विचारलं, पुरावा काय आहे? मावशीनं कपाट उपसलं. कॅसेट सापडेना. पेट्या झाल्या, माळा झाला. शेवटी नवराच बाल्कनीतून उठून आला आणि स्वतःच्या कागदपत्रांच्या पिशवीतून ती काढून त्यानं टेबलावर ठेवली. घराची कागदं, पेन्शनचं पुस्तक आणि कॅसेट, सगळं एका रबरबँडमध्ये. "महत्त्वाची कागदं एका जागी असावीत," एवढंच म्हणाला. मावशीला ह्या माणसाचं काय करावं कळेना.

सुनेनं डबीचे चारी बाजूंनी फोटो काढून पाठवले. आतल्या कागदावर छापलेलं होतंच: गायिकेचं नाव, गीत-संगीत म्हणून दादाचं, आणि सहाही गाण्यांची यादी. वरच्या झाकणावर बॉलपेननं लिहिलेलंही फोटोत आलं. दोन दिवसांनी त्या बाईचा फोन आला. "काकू, पटलं आम्हाला. पण एक आधी सांगते. गाणं नव्या पानावर जाईल. आत्तापर्यंतचा आकडा, लोकांनी लिहिलेलं, काहीच बरोबर येणार नाही. एकदम शून्यापासून सुरू. चालेल?"

मावशीनं नवऱ्याकडे पाहिलं. चार लाख एकोणसाठ हजार होते त्या सकाळी. त्यानं डायरी मिटली आणि मान हलवली, हो म्हण.

"चालेल," मावशी म्हणाली आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन चांगलं पोटभर रडली. सून पाठीवरून हात फिरवत राहिली. आपणहून सोडलं म्हणून काय, जीव तुटायचा तो तुटतोच.

सहा आठवड्यांनी, शुक्रवारी, सून दुकानात धावत आली. फोन पुढं केला. 'निघताना'. खाली मावशीचं माहेरचं पूर्ण नाव. लग्नानंतर त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती. तिनं ते दोनदा वाचलं, जणू शाळेत हजेरी घेतायत. त्याखाली दादाचं नाव, गीत आणि संगीत. आणि त्याखाली आकडा: शून्य.

नवऱ्यानं घरात नियम घालून दिला. घरच्यांनी प्रत्येकी एकदाच ऐकायचं. "मीटर फुगवायचं नाही. मला खरं रीडिंग पाहिजे." पहिलं त्यानं स्वतः ऐकलं, हात मांडीवर ठेवून, सरळ बसून. मग सून, मग कामावरून आलेला मुलगा, मग मावशी. चार. मुलानं मामाला फोन करून सगळं समजावलं. तिकडं वहिनीनं आधी गाणं लावलं नाहीच. तिनं चष्मा लावून नाव वाचलं, नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाली, "चौतीस वर्षं गप्प बसलात! माणूस आहात की कोण?" असं दादानंच नंतर सांगितलं. मग तिनं ऐकलं, त्यानं ऐकलं. सहा.

शनिवारी सहा. रविवारी सहा. सोमवारीही सहाच. नवरा डायरीत आकडा लिहायचा आणि काही जाहीर करायचा नाही. मावशी विचारायची नाही. दुकानात गिऱ्हाइकांना ती इतकी झापत होती, की एकानं बाहेरच्या बाहेर बॅग परत नेली.

मंगळवारी सकाळी नवरा फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "सात," तो म्हणाला.

"कुणी चोरून ऐकलं?" मावशीनं लगेच सुनेकडे पाहिलं.

सुनेनं गळ्याला हात लावून शपथ घेतली. मुलाला ऑफिसात फोन गेला. त्यानं नाही ऐकलं. नवऱ्यानं जन्मभर वीजचोर पकडलेले, त्यानं चौकशी सोडली नाही. वहिनीला फोन; तिनंही नाही. उरला दादा. मावशीनं स्वतः विचारलं, "दादा, खरं सांग. दुसऱ्यांदा लावलंस का?"

"नाही गं. एकदाच म्हणालात ना तुम्ही?"

"मग कुणीतरी बाहेरचं आहे," मावशी म्हणाली. "आपल्या ओळखीचं नाही. आपली नावं वाचून ऐकलंय त्यानं, दादा. तुझं आणि माझं."

 मग दादानं विचारलं, "पूर्ण ऐकलं का पण?"

ते कसं कळणार? मावशी नवऱ्याकडे बघायला लागली. नवरा सुनेकडे. सून म्हणाली, ते नाही कळत हो. तेवढ्यात नवऱ्यानं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला.

"आठ," तो म्हणाला. "आत्ता. माझ्या डोळ्यांदेखत फिरला."

"दादा, आठ झाले!"

"म्हणजे त्यानंच पुन्हा लावलं," दादाचा आवाज चढला. "पुन्हा लावलं म्हणजे पूर्ण ऐकलंय! अर्धवट ऐकणारा पुन्हा कशाला लावेल?"

"आणि दुसराच कुणी असला तर?"

"मग दोघं झाले की, बारके! दोघं!" तो हसत होता आणि मागं वहिनी काय झालं, काय झालं म्हणून विचारत होती. मग त्याचा आवाज खाली आला, लहान मुलानं काही मागावं तसा. "भाऊजींना विचार ना, मी आणखी एकदा ऐकलं तर चालेल का?"

मावशीनं फोनवर हात ठेवून नवऱ्याला विचारलं. त्यानं डायरी उघडली, तारीख टाकली, आठचा आकडा लिहिला आणि त्यापुढं थोडी जागा सोडली.

"म्हणावं, ऐका," तो म्हणाला. "कितीही वेळा ऐका. मी ते वेगळं लिहीन."